पत्नीच्या हट्टापायी

(घरामागची शेड. वाळूवर पळवायच्या उघड्या मोटार-बग्गीवरची चादर अर्धी काढलेली.)

बायको : ते वाक्य आधी काढा. मग चादर काढा.

नवरा : कुठलं वाक्य?

बायको : कुठलं म्हणे! वाण्याच्या दुकानाच्या काचेवर तुमच्या हस्ताक्षरात डकवलंय ते. "जुनी बग्गी, मेहनतीने नव्यासारखी केलेली. पत्नीच्या हट्टापायी विकणे आहे." मी हट्ट केला? कधी केला? काय म्हणून केला?

नवरा : अगं, जाहिरातीची भाषा असते ती. एवढं काय मनावर घ्यायचं!

बायको : मग "माझ्या हट्टापायी" लिहा की. तीही जाहिरातीचीच भाषा होईल.

नवरा : स्वतःच्या हट्टापायी कोणी स्वतःची गाडी विकतं का? लोक म्हणतील, नक्की इंजिनात काहीतरी खोट आहे. कारण द्यावं लागतं गं. "परगावी जाणे आहे" लिहिणार होतो, पण मग रोज सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन मीच दिसणार सगळ्यांना. बायको म्हटलं की कसं, पुढे कोणी विचारत नाही. पटकन पटतं.

बायको : पटतं ना! औषधाच्या दुकानातला तो टकल्या, मला खोकल्याची बाटली देताना मान हलवून म्हणतो, "काकू, माणसाला एखादा छंद असावा हो." वरच्या मजल्यावरची म्हणाली, "तुम्ही तशा वाटत नाही." तशा म्हणजे कशा? नवऱ्याच्या हातातलं खेळणं ओढून घेणाऱ्या? अख्ख्या गल्लीत मला कैदाशीण करून ठेवलंत तुम्ही.

नवरा : दोन दिवस बोलतील आणि विसरतील.

बायको : या सीटा कोणी शिवल्या?

नवरा : तूच शिवल्यास.

बायको : ते जाड रेक्झिन माझ्या मशीनखाली घातलंत. सुया मोडल्या, माझं बोट शिवलं गेलं. तेव्हा केला का मी हट्ट, की फेकून द्या ती म्हणून? तुम्ही ती नारिंगी रंगवणार होतात. फिका पिवळा करा, हे कोण म्हणालं?

नवरा : पिवळा खुलून दिसला. ते मी सगळ्यांना सांगतो.

बायको : सगळ्यांना सांगता आणि काचेवर भलतंच लिहिता! बरं, मुळात विकताय का, ते तरी सांगा. भंगारवाल्याकडून आणलीत तेव्हा तिच्यात कोंबडी खुडूक बसली होती. तिला उठवायचं कसं म्हणून तुम्ही दोन आठवडे थांबलात. इतका जीव! रोज इंजिन सुरू करून लेकीला फोनवर ऐकवत होतात. आणि तयार झाली, रंग वाळला, तर एकाएकी चादर टाकली आणि जाहिरात लावली. मला एक चक्करसुद्धा मारून आणली नाहीत.

नवरा : पूर्ण झाली म्हणजे काम संपलं. संपलं की पुढच्या माणसाला द्यायची. आणि जागा अडते गं. तुला जागा होईल.

बायको : मला कशाला हवीय जागा? मी काय इथे पिठाची गिरणी टाकणार आहे?

नवरा : श्श! फाटकाची कडी वाजली. आल्या वाटतं त्या बाई, फोन केलेल्या. हे बघ, हात जोडतो. आता तमाशा नको. मी काही म्हटलं की तू नुसतं "हो, हो" म्हण.

बायको : म्हणते की. बघाच तुम्ही.

नवरा : तुझ्या त्या "बघाच"ची मला भीती वाटते.

ग्राहक : नमस्कार! आत येऊ का? मीच फोन केला होता बग्गीसाठी. चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते मी.

नवरा : या, या, मॅडम. तुमचीच वाट बघत होतो. ही आमची मंडळी.

ग्राहक : अच्छा, म्हणजे त्या... काचेवरच्या?

बायको : हो, त्याच मी. या हो. डोळे भरून बघून घ्या तिला. मला तर बघवत नाही. सकाळपासून हा असा पदर डोळ्यांना लावून बसलेय.

नवरा : अगं!

ग्राहक : काकू, तुम्ही रडताय? पण जाहिरातीत तर—

बायको : जाहिरात यांनी लिहिली. मी यांच्या पाया पडले, विकू नका हो म्हणून. काल रात्री जेवले नाही मी. पाण्याचा घोट घेतला नाही.

नवरा : काल दोनदा वाढून घेतलंस!

बायको : दुःखात भूक लागते माणसाला. हे बघा ताई, या सीटा. माझ्या हातच्या आहेत. लेकीच्या लग्नातसुद्धा मी इतकं बारीक शिवलं नव्हतं. आता तुम्ही यांच्यावर बसणार. बसा हो, सुखाने बसा. माझं काय!

नवरा : मॅडम, ती जरा... म्हणजे तिचंच ठरलं होतं विकायचं. आता द्यायची वेळ आली तशी हळवी झालीय. बायकांचं आपलं—

ग्राहक : बायकांचं काय?

नवरा : काही नाही.

ग्राहक : काका, एक सांगू? मी दिवसभर लोकांच्या शेजारी बसून खोटं ऐकते. "क्लच दाबला होता, मॅडम." "आरसा बघितला होता, मॅडम." त्यामुळे मला लगेच वास येतो. इथे काहीतरी लपवालपवी चाललीय.

बायको : अगदी माझ्या मनातलं बोललात! तुम्ही चहा घेणार का?

ग्राहक : आधी गाडी. चादर पूर्ण काढा. बापरे! काय देखणी झालीय हो ही!

नवरा : झालीय ना? खाली जुन्या गोल मोटारीचा सांगाडा आहे, आखूड केलेला. वर हे फायबरचं अंग. त्याला सगळीकडून तडे गेले होते, ते भरून घासून घासून असं केलंय. इंजिन मागे. पाण्याची भानगडच नाही, वाऱ्यावर थंड होतं. मागची चाकं बघा किती रुंद आहेत, वाळूत रुतायची नाहीत. टपही नाही, दारही नाही.

ग्राहक : दार नाही ते दिसलं. बसायचं कसं?

नवरा : या कडेवरून पाय आत टाकायचा आणि सरकायचं. बग्गीला दार नसतंच. दार लावलं की तिची बग्गी राहत नाही.

बायको : दाराशिवायची गाडी! मीच म्हटलं होतं, एक दार करा. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

ग्राहक : खरं सांगते काका, मला अशीच हवीय. माझ्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक असतो आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी फक्त थांबवते. "हळू, हळू, थांबा." घरी जाऊन नवऱ्यालाही तेच म्हणते. एकदा तरी मला कोणी शेजारी नसताना, मोकळ्या वाळूवर, तंगडी ताणून गाडी पळवायचीय.

नवरा : मग ही तुमचीच समजा. चालू करून दाखवू?

ग्राहक : चालू नको, चालवून दाखवा. माझी पद्धत आहे. जुनी गाडी घेताना मी आधी मालकाला चालवायला लावते आणि त्याच्या पायांकडे बघते. ब्रेक उशिरा लागत असेल तर मालक आधीपासूनच पाय तिकडे नेतो. क्लच जड असेल तर ओठ आवळतो. मालक तोंडाने काहीही सांगो, पायाला खोटं बोलता येत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, बस.

नवरा : मी? छे, छे. आता तुम्ही घेणार, तुम्हीच चालवा. किल्ली घ्या.

ग्राहक : आधी मालक.

नवरा : माझ्या पायात या सपाता आहेत.

बायको : मग काढा सपाता. अनवाणी बसा.

नवरा : पेट्रोल कमी आहे.

बायको : काल संध्याकाळी डबा भरून आणलात. माझ्या मसाल्याच्या कपाटाशेजारी ठेवला होतात.

नवरा : अगं, तू मध्ये बोलू नकोस! मॅडम, मालकाने बसून दाखवणं म्हणजे कसं, दुकानदाराने स्वतः कपडे घालून—

ग्राहक : काका, तुम्ही टाळताय.

बायको : टाळतायतच! मी बघतेय ना. एवढी वर्षं हिच्याखाली पाठीवर पडून काढलीत, आता बसायला लाज वाटतेय नवरदेवाला. बसा की! यांना दाखवा एकदा. मलाही बघू दे. की खरंच काही बिघाड आहे, आणि तो माझ्या नावावर खपवताय? चला, चढा. एक, दोन—

नवरा : बसतो! बसतो म्हटलं ना! मागे सरका दोघी. गर्दी करू नका.

ग्राहक : या बाजूने सोपं जाईल का?

नवरा : मला माहितेय कुठून जायचं. हा पाय... थांबा. आधी तो. नाही, इकडे धरायला... हं. एक मिनिट.

बायको : काय कवायत चाललीय? टाका ना पाय.

नवरा : टाकतोय.

बायको : अजून वर घ्या. अहो, कडेला अडकतोय. गुडघ्याला हात लावून काय उचलताय, पाय आहे का पोतं— अहो?

नवरा : टाकतोय म्हणतोय ना.

बायको : (पुढे येऊन त्यांच्या पायाकडे बघते.)

नवरा : होईल. जरा दम धर.

बायको : अहो, थांबा. खाली ठेवा तो पाय. ठेवा खाली. माझा हात धरा. अस्सं.

ग्राहक : काका, काय झालं? लागलं का?

बायको : काही नाही झालं. मीच सांगितलंय यांना, या बग्गीत पाय ठेवलात तर माझ्याशी गाठ आहे म्हणून. मघाशी विसरलेच मी. आत्ता आठवलं.

ग्राहक : पण काकू, आत्ता तुम्हीच "चढा, चढा" म्हणत होतात!

बायको : माझं काही खरं नाही हो. घटकेत एक, घटकेत दुसरं. विचारा गल्लीत कुणालाही. औषधवाल्याला विचारा. वरचीला विचारा. मला ही बग्गी डोळ्यांसमोर नको, यांनी चालवायला नको, आजच्या आज घेऊन जा. माझा हट्टच आहे मुळी.

नवरा : अगं, पण तू तर—

बायको : तुम्ही गप्प बसा. कधी बायकोचं ऐकत जा.

ग्राहक : अच्छा. अं... मग आज पद्धत बाजूला ठेवते. मीच चालवून बघते. काकू, तुम्ही बसा माझ्या शेजारी.

बायको : मी?

ग्राहक : घरातलं कोणीतरी हवं ना सोबत. नाही तर मी पळवून नेली तर?

नवरा : जा ना. बस. सीट तुझीच आहे.

बायको : साडी आहे माझी.

ग्राहक : कडेवर आधी बसा, मग दोन्ही पाय एकदम आत. हां, बघा, झालं! पट्टा लावा. काका, फाटक उघडा. अगं बाई, काय आवाज आहे! पोटात गुदगुल्या होतायत!

बायको : अहो, हळू! ताई, हळू! समोर सायकल आहे!

ग्राहक : काकू, ती सायकल उभी आहे. भिंतीला टेकून.

बायको : असू दे. तिचा काय भरवसा! अय्या, किती खाली बसलोय आपण! सगळ्यांच्या पिशव्याच दिसतायत. काय वारा लागतोय हो!

ग्राहक : वळू का डावीकडे?

बायको : वळा, वळा, औषधाच्या दुकानावरून न्या. तो बघा, टकल्या बाहेरच उभा आहे. हॉर्न द्या त्याला. अजून एकदा! तोंड बघा कसं उघडं पडलंय!

ग्राहक : आता तो म्हणेल, नवऱ्याला विकायला लावली आणि ही बाई स्वतः मिरवतेय.

बायको : म्हणू दे. चांगलं तोंडभर म्हणू दे.

ग्राहक : काकू, कंबर का गुडघा?

बायको : कुणाचं काय?

ग्राहक : मी पायांकडे बघते हो. कामच आहे माझं ते.

बायको : मला नव्हतं माहीत. देवाशपथ सांगते, आत्ता तिथे उभी असताना कळलं मला. आणि मी एक-दोन-तीन म्हणत होते त्यांना. चढा म्हणत होते. पोतं म्हणाले हो मी त्यांच्या पायाला.

ग्राहक : तुम्हाला कुठे ठाऊक होतं.

बायको : घरात दोनच माणसं आहोत आम्ही. खाली बसायचं सोडलंय त्यांनी, तर मला वाटलं आळस. मोजे मला घालायला लावतात, तर मला वाटलं लाड. मी दिवसभर त्या एका वाक्यावरून भांडत बसले, आणि माणूस चालताना कसा पाय ओढतो, ते बघितलं नाही. ताई, तुम्ही त्यांना काही विचारू नका हं. आणि गल्लीत कुणी विचारलं, तर बायकोच फार हट्टी आहे म्हणून सांगा.

ग्राहक : मी तर सांगेन, काकूंनी मला धमकी दिली.

बायको : चालेल. वळवा आता. ते फाटकातच उभे असतील. मी जराशी हसते हं, म्हणजे ते विचारणार नाहीत.

ग्राहक : हे बघा, उभेच आहेत. काका! घेतली मी! आणखी कुणाला दाखवू नका!

नवरा : दुसऱ्या गिअरला खरखर वाटली का?

ग्राहक : अजिबात नाही. लोण्यासारखा पडतो. ब्रेक एकदम चोख. तुम्ही आधी भेटला असतात, तर आमच्या स्कूलमध्ये मेकॅनिकच ठेवून घेतलं असतं. रविवारी येते घ्यायला. आणि काका, कधी आवाज कुठे बदलला, तर मी हिला तुमच्याकडेच घेऊन येणार. तुम्ही उभ्याने ऐकायचं आणि सांगायचं. चालेल?

नवरा : चालेल म्हणजे! दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

ग्राहक : येते मग. काकू, रडू नका हं आता.

बायको : नाही रडत. फाटक लावून घ्या जाताना, नाही तर कुत्रं शिरतं.

नवरा : गेल्या?

बायको : गेल्या.

नवरा : चांगली बाई आहे. वाळूवर नेईल हिला.

बायको : हो.

नवरा : भांड ना. आता का गप्प झालीस? सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू होता.

बायको : कधीपासून उचलत नाही पाय?

नवरा : कुठला पाय?

बायको : अहो.

नवरा : रंगाचं काम चालू होतं तेव्हापासून. डावी कंबर. वाटलं, खाली वाकून वाकून भरलीय, जाईल. मग तू अंघोळीला गेलीस की रोज इथे येऊन करून बघायचो. एकदा बसलोसुद्धा!

बायको : बसलात?

नवरा : आरामात. मग उतरताच येईना. तू स्वयंपाकघरातून हाका मारतेयस, चहा झाला, चहा झाला. आणि मी आत बसून "आलो, आलो" म्हणतोय.

बायको : तो चहा! दोनदा गरम केला होता मी तो. मग उतरलात कसे?

नवरा : लोळून. त्या जुन्या गादीवर पडलो. हसू नकोस.

बायको : नाही हसत.

नवरा : हसतेयस तू.

बायको : मग काय करू? मला हाक नाही मारता आली? मी काय गल्लीभर दवंडी पिटली असती?

नवरा : तू डॉक्टरकडे नेलं असतंस.

बायको : नेणारच. उद्या सकाळी.

नवरा : हे बघ! म्हणूनच. आणि एवढी सुंदर केली मी तिला, एक खिळा बाहेरून ठोकून घेतला नाही, आणि मला तिच्यात बसता येत नाही, हे मी कोणाला सांगणार होतो? लाज वाटली गं मला. तुझ्या नावावर घातलं की बोलायला तरी सोपं.

बायको : मी आणि ताई दोन बाजूंनी धरतो, एकदा बसवतो तुम्हाला. रविवारच्या आधी एक चक्कर. कुणी नसताना.

नवरा : नको. तिच्यात उडी मारून बसायचं असतं. तू बसून आलीस ना, ते बघितलं मी फाटकातून. डोक्यावरचा पदर असा मागे उडत होता. तेवढं पुरे झालं मला.

बायको : ते काचेवरचं राहू द्या मग. रविवारपर्यंत काढू नका.

नवरा : वरची विचारेल, हट्ट करून जागा मोकळी केलीत ती कशाला म्हणून. काय सांगायचं? खरंच, काय ठेवायचं गं इथे? केवढी मोकळी दिसेल ही शेड.

बायको : दोन खुर्च्या आणू. सकाळचा चहा इथेच घेत जाऊ, उन्हात. पण जरा उंच बघून आणा. बुटक्या नकोत.